बदली पाठवा

आमच्या मास्तरांइतक्या थाटामाटानं आजारी पडणारा, आणि तरीही त्यांच्याइतक्या नेमानं कामावर येणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. आजारपण आणि हजेरी या दोन सवती एकाच घरात इतक्या गुण्यागोविंदानं नांदताना मी तरी अन्यत्र पाहिल्या नाहीत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, तारमास्तर. तार आली म्हटलं की ती वाचायच्या आधीच घरातल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या, त्या काळात मी तारघरात चिकटलो आणि मला जे टेबल मिळालं त्याच्या शेजारच्या टेबलावर मास्तर होते. मे महिना होता. बाहेर डांबर वितळत होतं, खिडक्यांतल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारता मारता शिपायाची दमछाक झाली होती, आणि हा गृहस्थ गळ्यात लोकरीचा मफलर, कानांत कापसाचे बोळे, कपाळावर सुंठीचा लेप आणि लू लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात एक अख्खा कांदा अशा जामानिम्यानिशी खटाखट तारा ठोकत होता. मी नवा, म्हणून सौजन्यानं विचारलं, "मास्तर, बरं नाही का?" त्यांनी हात न थांबवता माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मलाच माझ्या प्रकृतीची काळजी वाटली. मग म्हणाले, "बरं आहे ना. जराशी कसर आहे अंगात, बस."

'ताप' हा शब्दच त्यांच्या कोशात नव्हता. एकशे दोनपर्यंत जे काय असेल ते 'जराशी कसर' आणि त्याच्या वर 'थोडी जास्त कसर'. खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असायचा. दुपारी डबा खायच्या आधी ते तो तोंडात धरत, उजेडाकडे करून पाहत, झटकून परत ठेवत, आणि आकडा किती हे ब्रह्मदेवालाही सांगत नसत. एका उन्हाळ्यात साथ आली आणि त्यांचे डोळे आले, तेव्हा ते काळा गॉगल लावून आले. आलेली तार ते कानानं ऐकून घेत आणि सवयीनं, न बघता, कागदावर उतरवत. पाठवायची तार मात्र वाचावी लागते, म्हणून ती मी मोठ्यानं वाचायची असं ठरलं. दोन दिवस मी घसा फोडून लोकांची लग्नं, मयती आणि संत्र्याचे भाव वाचले आणि तिसऱ्या दिवशी माझेच डोळे आले. मी आठ दिवस घरी आणि मास्तर आठही दिवस हजर! खरं म्हणजे तारघरातल्या निम्म्या रजा मास्तरांनी न घेतलेल्या रजांमुळे पडायच्या. त्यांची सर्दी आम्हाला लागायची, आम्ही आडवे व्हायचो, आणि आमची कामं करायला मास्तर नाक पुसत उभेच. पाळीचा हिवताप झाला तेव्हा तर त्यांनी त्या तापाचीच ड्युटी लावली. रोज दुपारी चारला हुडहुडी भरते असा हिशेब बसल्यावर सुपरवायझरसाहेबांकडे जाऊन त्यांनी सकाळची पाळी मागून घेतली. म्हणाले, "साहेब, हिव चारले येते, मी दोनले सुटतो. मंधात घरी पोचतो आरामात." जणू हिव म्हणजे कामठीहून येणारी बस आणि हे तिला घ्यायला स्टँडवर निघाले होते.

तारघरात आजारपणाच्या रजेला 'सिक' म्हणायचे, आणि ती कोणी घेत नसे, मारत असे. सिक मारण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता हे मी नम्रपणे नमूद करतो. क्रिकेटची कसोटी असली की मला अतिसार व्हायचा, आणि आत्याकडे पुरणपोळ्यांचा बेत असला की कंबर धरायची. परत आल्यावर मी थोडं लंगडत, थोडं खोकत मास्तरांसमोरून जायचो. ते तारा ठोकत राहायचे. फक्त एकदा म्हणाले, "काहून गा, सिक मारली होती का? माराचं असन तं आजाराले माराव. सिक कायले मारते बापा, तिनं काय केलं तुयं?" मी हसलो. त्या वयात मला ते नुसतं शब्दांचं खेळणं वाटलं होतं.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तार ठोकायची ती 'की'वर. पितळेची एक दांडी, तिच्या टोकाला काळं बटण. बटण दाबलं की शेकडो मैलांवरच्या गावात तसाच आवाज उठायचा, आणि तिथला माणूस त्या कट-कडवरून, म्हणजे बारीक टिंब आणि लांब काडी यांवरून, अक्षरं ओळखायचा. मास्तरांनी आवाज खणखणीत यावा म्हणून यंत्रामागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा टेकवून ठेवला होता. अक्षरं सगळ्यांची सारखीच, पण 'हात' प्रत्येकाचा वेगळा. कोणी तुटक ठोकतो, कोणी लांब काडी ओढून धरतो, कोणाला घाई असते. दोन अक्षरं आली की पलीकडे कोण बसलंय हे मुरलेल्या तारमास्तराला कळतं. आपल्याला जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं माणूस कळतं ना, तितक्या सहज. मास्तरांच्या लाइनवर पलीकडे गोंदियाचे तारमास्तर होते. हे दोघे पंधरा-सोळा वर्षं रोज एकमेकांशी बोलत होते आणि त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. सकाळी पहिली तार जायच्या आधी दोघांची चौकशी चालायची. गोंदियाहून यायचं, 'पाऊस.' नागपूरहून जायचं, 'कसर.' गोंदियाहून यायचं, 'सुंठ घ्या.' मास्तर आम्हाला अभिमानानं सांगत, "माणूस पाहा कसा असन! हात पाहा त्याचा, वजनदार! सहा फुटाचा गडी असन, मिशा असतीन." मिशा कशावरून, असं आम्ही विचारलं की म्हणत, "लांब काडीवरून कळते."

कामाचा ताण म्हणाल तर तो भिंतीला लोंबकळत असायचा. जायच्या तारा आकड्याला अडकवलेल्या असत, आणि लग्नसराईत किंवा संत्र्याच्या हंगामात त्या आकड्याला कागदांचं मधमाश्यांच्यासारखं पोळं लागायचं. वरचे दहा काढावेत तर खाली वीस लागलेले. त्यात सुपरवायझरसाहेब खिशातलं घड्याळ हातात घेऊन पाठीमागून फिरत. एखाद्याच्या मागं नुसते थांबत. ते मागं थांबले की मी ठोकलेलीच ओळ पुन्हा ठोकायचो. आमच्यातल्या एकाची बोटं झोपेतसुद्धा हलायची, आणि त्याची बायको तक्रार करायची की हे माझ्या पाठीवर कोणाकोणाच्या तारा पाठवतात. मास्तर मात्र त्या पोळ्याकडे पाहून म्हणत, "एकेक कागद म्हणजे एकेक माणूस आहे बापा. थो लाइनीत उभा आहे. आपल्याले कसर आहे म्हणून त्याले कायले उभं ठेवाव?"

एवढंच कारण असतं तर मी त्यांना साधुपुरुष समजून सोडून दिलं असतं. पण एका दुपारी, दाढदुखीनं गाल फुगलेला असताना, लवंग चघळत त्यांनी खरं कारण सांगितलं. मी म्हटलं होतं, "मास्तर, घरी जाऊन झोपा ना. काहून जीव जाळून राहिले?" त्यावर त्यांनी डब्यातली भाकरी मोडली. मग म्हणाले, "माहा बाप मिलमध्ये होता. साच्यावर, कापडाच्या मागावर. चांगला कारीगर होता. तुले मिलचा दरवाजा माहीत आहे का सकाळचा? आत जाणारे आत जातेत अन् बाहेर बदलीवाले उभे राहतेत. कोणी आजारी पडला, आला नाही, की मुकादम बोट करते, तू चाल. बापाले निमोनिया झाला. पंधरा दिवसानं गेला तं साच्यावर दुसरा उभा. बापानं सांगतलं, साचा माहा आहे. मुकादम म्हणे, आता ह्याचा आहे, तू बदलीत उभा राह्य. मंग जिंदगीभर बदलीतच उभा राहिला थो." तारघरात 'बदली' म्हटलं की बाकीच्यांना गडचिरोली दिसायची. मास्तरांना त्या शब्दात मिलचा दरवाजा दिसायचा. त्यांच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसलेले ते पहिले, आणि ती खुर्ची रिकामी दिसली की कोणीतरी बोट करील ही भीती त्यांच्या हाडात मुरलेली होती. सरकारी नोकरीत असं होत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. भीतीला नियम समजावून सांगता येत नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात त्यांची कसर उतरेचना. मफलर, काढा, सुंठ, सगळं झालं. माणूस दिवसेंदिवस सदऱ्याच्या आत लहान होत चालला होता. नवव्या दिवशी मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, स्वतः तारघराच्या फाटकाशी आल्या. इंदोरा वस्तीतून भर पावसात पायी आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा ना त्यांले. माहं ऐकत नाहीत. रातभर बोटं आपटून राहिले खाटेवर. डॉक्टर म्हंते रक्त तपासाव लागते, अन् हे म्हंतेत लग्नसराई सरू दे." मी म्हटलं, "काकू, लग्नसराई सरून दोन महिने झाले." काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतलं ते पाहणं मला अजून आठवतं, कारण लग्नसराई सरल्याचं मास्तरांच्या ध्यानात नाही याचा अर्थ आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळला होता. मी आत जाऊन मास्तरांना सांगितलं, विनवलं, शेवटी चिडलोसुद्धा. ते नुसते म्हणाले, "एवढा आकडा खाली करतो अन् जातो."

त्या आकड्यावर एका व्यापाऱ्याची तार होती. चाळीस टोपल्या ताबडतोब पाठवा, असा मजकूर. मास्तर ती गोंदियाला ठोकत होते आणि मी शेजारी बसून माझं काम करता करता अर्ध्या कानानं ऐकत होतो. 'चाळीस टोपल्या' गेलं. 'ताबडतोब' गेलं. आणि मग त्याच चालीत, त्याच हातानं, त्यांनी ठोकलं, 'पाणी द्या.' मी दचकून पाहिलं. कागदावर पाणी कुठंच नव्हतं. माठ त्यांच्यापासून चार हातांवर होता, मी एका हातावर होतो, शिपाई दारात होता. आणि या माणसानं तहान लागली म्हणून पाणी मागितलं ते गोंदियाला! तोंडानं मागायची ताकद संपली होती, बोटांची अजून शिल्लक होती.

मग गोंदियाचा तो वजनदार हात आला, 'पाणी प्या. बदली पाठवा.' ऑपरेटर बदला, असं सांगायची ती तारघरांतली रीत होती. पण मुरलेल्या माणसाला बदली मागणं म्हणजे भर पंगतीत पानावरून उठवणं. मास्तरांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी ठोकलं, 'नागपूरला मीच आहे.' उत्तर आलं, 'ओळखलं. म्हणूनच. बदली.' मास्तरांनी पुन्हा चाळीस टोपल्या सुरू केल्या. गोंदियानं मधेच तोडलं, 'बदली.' त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा 'बदली.' त्या डब्यामुळं आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमत होता, आणि तारघरात न समजणारं कोणी नव्हतं. एकेक करून सगळ्या कीज थांबल्या. सुपरवायझरसाहेब आले, पण घड्याळ त्यांनी खिशात घातलं होतं. मास्तर उठले. टेबलाला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बस गा. माही बदली म्हणून बस." आयुष्यभर कामातून पळवाटा शोधणारा मी, त्या दिवशी लगेच त्या गरम खुर्चीवर बसलो. मी गोंदियाला 'बोला' म्हणून खूण केली. तिकडून आलं, 'त्यांना पाणी दिलं का?'

टायफॉइड होता. आणखी दोन दिवस अंगावर काढला असता तर आतडंच फुटलं असतं, असं डॉक्टरांनी काकूंना सांगितलं. दवाखान्यातल्या महिन्याभराला तारघरानं सिक म्हणून लिहिलं, पण मास्तरांनी ती कधी मानली नाही. ते म्हणायचे, "म्या मारली नाही. मले मारली." परत आले तेव्हा खुर्ची त्यांचीच होती, की त्यांचीच होती, डबासुद्धा मी हलू दिला नव्हता. त्यांनी सगळ्यावरून हात फिरवून पाहिला. पण गोंदियाशी त्यांनी बोलणं टाकलं. तारा जायच्या, तारा यायच्या, कामापुरतं काम. सकाळी गोंदियाहून 'पाऊस' आलं की मास्तर 'बोला' एवढंच ठोकत. मी एकदा म्हटलं, "मास्तर, त्यानं जीव वाचवला ना तुमचा." ते म्हणाले, "हाव. वाचवला. पण बदली म्हणाला गा." जीव वाचवणाऱ्यावर इतका मनापासून रुसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या रुसव्यामुळं ते मला जास्तच आवडायला लागले.

हा अबोला वर्ष-दीड वर्ष टिकला. मग एका सकाळी तार घेता घेता मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "ऐकून राहिला का तू?" मी कान दिला. मला गोंदियाचा नेहमीचा हात ऐकू आला. "नाही गा. लांब काडी पाह्य. ओढून राहिला थो. हात उचलत नाही आहे वेळेवर." मला काडीमात्र फरक कळला नाही. मास्तरांनी मात्र कीवर हात ठेवला आणि इतक्या महिन्यांनी पहिलं खासगी वाक्य ठोकलं, 'हात बरा नाही तुमचा.' थोड्या वेळानं आलं, 'कसर.' हा शब्द तिकडून येईल अशी अपेक्षा आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. मास्तरांच्या ओठांच्या कडा हलल्या, पण लगेच त्यांनी ठोकलं, 'बदली घ्या.' उत्तर आलं, 'दुसरा रजेवर. बदली नाही.' दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एका शब्दाच्या मध्येच गोंदियाचा हात थांबला. मास्तर कीवरून हाका मारत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्या दिवशी त्यांच्या अंगात तापाचा लवलेश नव्हता. अर्ध्या तासानं अगदी अडखळत, चुकत माकत एक परका हात आला. तिथले पोस्टमास्तर स्वतः कीवर बसले होते. 'तारमास्तर पडले. उजवी बाजू गेली. दवाखान्यात आहेत.'

मास्तर उठले आणि त्यांनी रजेचा अर्ज मागितला. तो कुठं ठेवतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं, मी दाखवलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आजार'. सुपरवायझरसाहेबांनी अर्जाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही तं ठणठणीत दिसून राहिले."

"मी ठणठणीतच आहे साहेब. आजार गोंदियाले आहे."

"मग किरकोळ रजा टाका ना. सिक कायले?"

"किरकोळ रजा घरच्या कामाले असते. हे किरकोळ नाही. सिकच लिहा."

साहेब हसले. एवढ्या वर्षांत त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो. म्हणाले, "म्हणजे मास्तर, सिक मारून राहिले तुम्ही?" मास्तर म्हणाले, "हाव. मारून राहिलो." साहेबांनी सही केली, कोट काढून खुर्चीला लावला आणि मास्तरांच्या जागी स्वतः बसले. मीही सिक मारली. मला निदान सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. कामठी गेलं, तुमसर गेलं, मास्तर खिडकीच्या गजावर बोटं आपटत होते. मांडीवर सुंठीची पुडी होती. दवाखान्यात खाटेशी जाऊन उभे राहिलो तेव्हा प्रथम वाटलं की चुकलो. सहा फुटांचा मिशाळ गडी कुठंच नव्हता. लोखंडी खाटेवर जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक पाप्याचा पितर पडला होता. ओठ एका बाजूला ओघळले होते, उजवा हात चादरीवर कोणी ठेवून दिल्यासारखा पडला होता. वाचा गेली होती. त्याच्या उशाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कोण आपण?" मास्तर तोंड उघडून उभे राहिले. ज्या माणसाशी ते सतरा-अठरा वर्षं बोलत होते, त्याच्याशी तोंडानं काय बोलावं हे त्यांना सुचेना. म्हणजे ऐनवेळी मुके दोघंही झाले. मी सांगायला पुढं होणार, तोच मास्तर खाली वाकले आणि त्यांनी खाटेच्या लोखंडी पट्टीवर बोट टेकवलं. बारीक टिंबाला नखाचा ठोका, लांब काडीला नख घासत न्यायचं. त्यांनी गोंदियाला हाक मारली आणि पुढं ठोकलं, 'नागपूर.' चष्म्यामागचे डोळे उघडले. मास्तरांनी विचारलं, 'कसर किती?'

डावा हात चादरीवरून सरकत सरकत पट्टीपर्यंत आला. आधी नखाचे दोन-तीन ठोके वाया गेले. मग अगदी हळू, एकेक अक्षर जुळवत आलं, 'उजवा सिक.' आणि बऱ्याच वेळानं, 'डावा बदली.'

मास्तर मोठ्यानं हसले. सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला इतकं मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्या खाटेच्या कडेवर बसून हमसून हमसून रडले. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग डोळे पुसून मास्तरांनी तांब्यातलं पाणी चमच्यात घेतलं आणि न मागता त्या वाकड्या ओठांशी नेलं. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलंय याची आठवण त्यांना त्या दिवशी एकदाही झाली नाही. परतीच्या गाडीत त्यांनी मला एवढंच सांगितलं, "बदली वाईट नसते बापा. कोण मांगते त्याच्यावर आहे."

त्यानंतर मास्तर सिक मारू लागले म्हणाल तर थोडी मारू लागले, सर्दी लागली तर एखादा दिवस, तोही काकूंनी चप्पल लपवली तर. गोंदियाचे मास्तर पुन्हा कीवर बसले नाहीत. डाव्या हातानं लिहिलेली त्यांची कार्डं यायची, मुंग्या चालल्यासारखी अक्षरं. मास्तर ती मला दाखवून म्हणत, "हात सुधारून राहिला, पाह्य." पुढं मास्तर निवृत्त झाले, आणि लवकरच टेबलांवरून पितळेच्या कीजही गेल्या. त्यांच्या जागी टेलिप्रिंटर आले. टाइपरायटरसारखी कळ दाबायची, पलीकडे छापील अक्षर उमटायचं. त्यावर हात कोणाचाच नसतो. आता ते दोघंही राहिले नाहीत. पत्र्याचा तो डबा माझ्याकडे आहे. त्यात मी सुपाऱ्या ठेवतो.

मास्तर निवृत्त झाल्यानंतरच्या एका संत्र्याच्या हंगामातली गोष्ट. आकड्याला पोळं लागलेलं, दोन माणसं रजेवर, आणि माझ्या अंगात एकशे दोन. पुरणपोळ्यांसाठी कंबर धरणारा मी, त्या दिवशी खरोखर ताप असताना घरी राहिलो नाही. काहून, ते मलाच कळलं नाही. दिवसभर टेलिप्रिंटरवर बसलो. दुपारनंतर डोळ्यांपुढं कागद हलायला लागला, तोंड सुकलं, पण पलीकडे गेलेलं अक्षर न् अक्षर सरळ, काळंभोर आणि स्वच्छ होतं. संध्याकाळी यंत्र बंद केलं आणि तसाच थोडा वेळ खुर्चीवर बसून राहिलो. टेबलाच्या पत्र्यावर बोटानं हळूच ठोकलं, 'पाणी द्या.' मग स्वतःच उठून माठाकडे गेलो. गोंदिया, रायपूर, जबलपूर, सगळ्यांनी दिवसभर माझ्या तारा बिनतक्रार घेतल्या होत्या. बदली कोणीच मागितली नाही.